दुकान हलवताना दूरध्वनी क्रमांक सांभाळा

नव्या जागेत कारखाना किंवा दुकान हलवायचे ठरले की आपण भाडे पाहतो, वीजजोडणी पाहतो, माल उतरवायला टेम्पो आत येईल की नाही ते पाहतो. दूरध्वनीचा विचार मात्र सामान हलवून झाल्यावर सुचतो. मोबाईलच्या जमान्यात लँडलाईनची एवढी काळजी कशाला, असेही काही बांधव विचारतील. परंतु ज्यांचा धंदा वीस-तीस वर्षांचा आहे, ज्यांची गिऱ्हाइके परगावची आहेत आणि ज्यांचा क्रमांक जुन्या बिलबुकांवर, डब्यांवर आणि पिशव्यांवर छापलेला आहे, त्यांनी हा प्रश्न हलका समजू नये.

आमच्या परिचयातील दोघा भावांचा मदनपुऱ्यात चामडी बॅगा शिवण्याचा कारखाना होता. २००३ साली त्यांनी तो भिवंडीला नेला. सामान हलवले त्याच आठवड्यात मुंबईचा फोन सरेंडर केला आणि अनामत रक्कम परत घेतली. नाशिक-बेळगावकडचे दुकानदार वर्षातून दोनदाच, सणाच्या आणि शाळेच्या हंगामात, फोन करीत. हंगाम आला, पण फोन आले नाहीत. मोठे भाऊ स्वतः नाशिकला गेले तेव्हा एक जुने गिऱ्हाईक म्हणाले, “हाजीसाहेब, आम्हाला वाटले तुम्ही धंदा बंद केला. फोन दुसऱ्याच कोणाकडे लागतो.” क्रमांक एव्हाना दुसऱ्या ग्राहकाला दिला गेला होता. अनामत काही हजारांची. बुडालेला हंगाम त्याच्या कितीतरी पट होता.

क्रमांक का बदलतो?

याचे उत्तर तारेत आहे. जुन्या पद्धतीत आपल्या दुकानापासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी जाते. क्रमांकाचे सुरुवातीचे अंक त्या एक्स्चेंजचे असतात आणि शेवटचे अंक आपले. म्हणूनच मुंबईत २३ने सुरू होणारा क्रमांक पाहिला की नागपाडा-मुंबई सेंट्रलकडचा, २५ने सुरू होणारा मुलुंड-ठाण्याकडचा आणि २७ने सुरू होणारा नवी मुंबईचा, असे जुने व्यापारी सांगू शकत. थोडक्यात, क्रमांक दुकानाचा नसून एक्स्चेंजचा असतो.

यावरून तीन गोष्टी निघतात.

एक, नवी जागा त्याच एक्स्चेंजच्या हद्दीत असेल तर क्रमांक सहसा तोच राहतो. फक्त तार दुसरीकडे नेली जाते. मालेगावात यंत्रमागाचे सुटे भाग विकणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी दोनदा जागा बदलली. दोन्ही वेळा ते एक्स्चेंजच्या हद्दीतच राहिले आणि क्रमांक जसाच्या तसा राहिला. जागा घेण्यापूर्वी त्यांनी एवढी एक चौकशी केली होती.

दोन, शहर तेच पण एक्स्चेंज दुसरे असेल तर क्रमांक बदलण्याचा संभव असतो. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक कुटुंबे मुंब्र्याला गेली. मुंबई आणि मुंब्रा या दोन्हींचा एसटीडी कोड ०२२च. तरीही एक्स्चेंज बदलल्यामुळे जुना क्रमांक सोबत नेता येत नसे.

तीन, एसटीडी कोडच बदलत असेल तर तो क्रमांक नव्या जागी नेता येत नाही. मुंबईचा कोड ०२२, कल्याणचा ०२५१, भिवंडीचा ०२५२२, मालेगावचा ०२५५४. मदनपुऱ्याहून भिवंडीला जाणाऱ्याने हे आधीच गृहीत धरावे.

मोबाईलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. त्यामुळे लँडलाईनचेही तसेच असेल असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. आपल्याकडे ही सोय केवळ मोबाईलसाठी आहे. एका कंपनीचा लँडलाईन क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही.

फायबरने काय बदलले?

तांब्याची तार जाऊन काचेची तार, म्हणजे फायबर, आली. फायबरवर क्रमांक तारेच्या जागेशी तितका जखडलेला नसतो. तो मध्यवर्ती संगणकात नोंदलेला असतो. त्यामुळे एकाच एसटीडी कोडच्या हद्दीत तोच क्रमांक दुसऱ्या भागात चालवणे तांत्रिकदृष्ट्या सोपे झाले आहे. तथापि सोपे आहे म्हणून मिळेलच असे नाही; कंपनीची पद्धत आणि त्या भागातील व्यवस्था यांवर ते अवलंबून राहते. जुनी तांब्याची जोडणी फायबरवर घेताना तोच क्रमांक ठेवण्याची सोय भारत संचार निगमने दिलेली आहे. मात्र अर्जात “क्रमांक हाच राहावा” असे स्पष्ट लिहावे. नुसते “नवीन फायबर कनेक्शन हवे” असे लिहिले की नवा क्रमांक हाती पडतो.

क्रमांक नेता येत नसेल तर

अशा वेळी जुना फोन लगेच सरेंडर करू नका. नवी जोडणी सुरू झाल्यावरही जुनी किमान एक पूर्ण हंगाम चालू ठेवा आणि तिच्यावर येणारे फोन नव्या क्रमांकाकडे किंवा मोबाईलकडे वळवण्याची सोय, म्हणजे कॉल फॉरवर्डिंग, घ्या. सर्व फोन वळवण्याची ही सोय एक्स्चेंजमध्येच काम करते. जुन्या जागी कोणी फोन उचलायला बसण्याची गरज नाही. वळवलेल्या फोनचा आकार आपल्या योजनेत कसा लागतो ते आधी विचारून घ्या. जागाच सोडायची असेल तर त्याच एक्स्चेंजच्या हद्दीतील एखाद्या नातेवाइकाच्या दुकानात जोडणी हलवता येईल का, याची चौकशी करा. महिन्याचे भाडे हा फुकटचा खर्च समजू नका. मात्र बिल थकवू नका, कारण थकबाकीपोटी फोन तुटला आणि मुदत उलटली की क्रमांकही जातो.

याच काळात व्हॉट्सॲप बिझनेसचाही उपयोग होतो. हे खाते लँडलाईन क्रमांकावरही उघडता येते. पडताळणीचा संकेतांक फोन करून सांगितला जातो. जुन्या क्रमांकावर संदेश पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाला नवा पत्ता आपोआप कळवता येतो. पण फोन फॉरवर्डिंगवर टाकण्याआधीच ही पडताळणी उरकून घ्यावी.

फोन कोणाच्या नावावर आहे?

आमच्या पाहण्यात सर्वाधिक अडचणी येथेच येतात. एकेकाळी फोनसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. ओवायटी योजनेत मोठी रक्कम भरून वडिलांनी फोन घेतला. वडील अल्लाहला प्यारे झाले, तरी बिल त्यांच्याच नावाने येत राहिले. मुलगा स्थलांतराचा अर्ज घेऊन गेला की मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचे संमतीपत्र मागितले जाते. भावाभावांत बोलचाल नसेल तर अर्ज तेथेच अडतो. वाटणीच्या वेळी यंत्रे मोजली जातात, माल मोजला जातो, पागडीचा हिशेब होतो. वीस वर्षांची गिऱ्हाइके ज्या क्रमांकावर येतात तो मात्र कोणी कागदावर घेत नाही. मग ज्याच्या जागेत तार असते त्याच्याकडे गिऱ्हाईक जाते आणि दुसऱ्याच्या मनात कायमची अढी बसते. वाटणीपत्रात फोन कोणाकडे राहील आणि दुसऱ्याला त्याचा मोबदला काय, हे लिहून घेणे दोघांच्याही हिताचे आहे. कायद्याने क्रमांक आपल्या मालकीचा नसतो, आपल्याला तो फक्त वापरायला दिलेला असतो. म्हणूनच जोडणी कोणाच्या नावावर आहे याला महत्त्व येते.

हलवण्यापूर्वीची तयारी

जागेचा बयाणा देण्यापूर्वीच नवी जागा कोणत्या एक्स्चेंजखाली आणि कोणत्या एसटीडी कोडमध्ये येते ते विचारा. फोन आपल्या नावावर नसेल तर आधी नाव बदलून घ्या. थकबाकी भरून पावती जवळ ठेवा. स्थलांतराचा अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या आणि क्रमांक तोच राहणार की नाही हे विचारून घ्या. नवा क्रमांक मिळणार असेल तर तो हाती येईपर्यंत नवी बिलबुके, पाट्या आणि पिशव्या छापायला टाकू नका. जीएसटी नोंदणी असेल तर पत्ता बदलल्यापासून १५ दिवसांच्या आत दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. त्याच वेळी बँकेतही नवा पत्ता व क्रमांक द्या.

मदनपुऱ्याच्या त्या भावांचा कारखाना आज भिवंडीत सुरळीत चालू आहे. मात्र जुनी गिऱ्हाइके परत मिळवायला त्यांना तीन वर्षे गावोगाव फिरावे लागले, आणि काही दुकानदार परत आलेच नाहीत. मोठे भाऊ आजही जागा बदलणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतात, “फोनचे काय केले?”