जन्मतःच बिनशिंगी!

शिरूर-दौंडकडच्या एखाद्या मुक्त गोठ्यात गेलात, तर काळ्या-पांढऱ्या संकरित गाईंची डोकी नीट बघा. काहींना शिंगंच दिसणार नाहीत. तशाच जन्मल्या का त्या? छे! वासरू काही आठवड्यांचं असतानाच शिंगांचे कोंब तापलेल्या लोखंडानं डागून टाकतात. शर्यतीच्या खिलार बैलाची शिंगं म्हणजे मालकाचा अभिमान, त्यांना कुणी हात लावत नाही. पण मोकळ्या फिरणाऱ्या दुभत्या गाई एकमेकींना ढुशा मारतात, माणसांनाही लागतं. कारण खरंच आहे. तरी भूल न देता डागलं, तर त्या पिल्लाला भयंकर दुखतं.

आता नवल ऐका. स्कॉटलंडच्या अँगस गाईंना शिंगं येतच नाहीत! गाईच्या डीएनएत जवळपास 3 अब्ज अक्षरं असतात, आणि हा फरक होतो त्यातल्या जेमतेम 200 अक्षरांच्या तुकड्यामुळे. आई किंवा बाप, एकाकडून जरी तो तुकडा मिळाला, तरी वासरू बिनशिंगी.

मग अँगसशीच संकर का नाही करायचा? कारण अँगस दुधाची जात नाही. संकरात दूध घटतं आणि ते परत मिळवायला कित्येक पिढ्या जातात. म्हणून अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दुधाळ जातीच्या पेशींत नेमका तेवढाच तुकडा बसवला. 2015 साली बुरी आणि स्पॉटिजी हे दोन वळू जन्मले. बुरीची सहाही वासरं बिनशिंगी निघाली. एकालाही डागावं लागलं नाही!

पण 2019 मध्ये सरकारी शास्त्रज्ञांनी बुरीचा डीएनए पुन्हा तपासला, तर त्यात जिवाणूचा डीएनए! तो तुकडा पेशीत पोचवायला जो जिवाणूचा डीएनए वापरला होता, तोच आत अडकून बसला होता. काही वासरांतही तो उतरला होता.

ही चूक लहान समजू नका. पुण्याहून दौंडला जाताना उरुळी कांचन लागतं ना? मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये स्थापलेल्या ‘बाएफ’ संस्थेचं वळू केंद्र तिथं आहे. उणे 196 अंशांना गोठवलेल्या रेतमात्रांमुळे एकाच वळूची हजारो वासरं गावोगाव जन्मू शकतात. वळूचा गुण जसा पसरतो, तसा दोषही. म्हणून मला डीएनए बदलण्याचं हे तंत्र हवंच आहे, पण ज्यांनी वळू घडवला त्यांच्याशिवाय इतरांनीही तो कसून तपासल्यावरच.

तोवर घरी वासरू झालं, तर आईबाबांकडे एक हट्ट धरा: जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा, आधी भुलीचं इंजेक्शन द्या, मगच कोंब डागा.