सर्वो मोटर ‘थांब’ म्हटल्यावर थांबत नाही? मग ट्रिमपॉट बाहेर काढा!

मी भोरचा. गेल्या हिवाळ्यात एका विज्ञान प्रदर्शनात वेल्ह्याकडची तीन मुलं दोन सर्वोंवर चालणारी छोटी गाडी घेऊन आली होती. रात्री घरी झकास चालली, पण सकाळी टेबलावर ठेवली तर ‘थांब’ म्हटलं तरी हळूहळू सरकत कडेला जायची! कोड बदलायचा तर लॅपटॉप शाळेत. परीक्षक समोर आले, तेव्हा एकाने गाडी चक्क हाताने धरून ठेवली होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक सर्वोत एक छोटा बदल करतो.

गाडी का सरकते?

एसजी९० ही ९ ग्रॅमची सर्वो शे-दीडशे रुपयांना मिळते. तिच्या आत एक पॉट, म्हणजे रेडिओच्या व्हॉल्यूमसारखा फिरता रेझिस्टर असतो. दांडा किती फिरला ते तो सर्किटला सांगतो. सर्किट ते सिग्नलशी ताडून बघतं आणि फरक असेल तर मोटर फिरवतं.

चाकासाठी सर्वो सतत फिरायला हवी. म्हणून पॉट काढून जागी दोन सारखे रेझिस्टर लावतात. मग सर्वोला कायम वाटतं, ‘मी मध्यावरच आहे’. १५०० मायक्रोसेकंदांच्या पल्सला ती थांबते, जास्त दिलं की एका बाजूला फिरते, कमी दिलं की दुसऱ्या. अडचण अशी, की दोन रेझिस्टर कधीच अगदी सारखे नसतात आणि तापमानानेही हा शून्यबिंदू थोडा हलतो. वेल्ह्याची थंडी तर तुम्हाला माहीतच आहे!

उपाय: ट्रिमपॉट

रेझिस्टरऐवजी अनेक फेऱ्यांचा ट्रिमपॉट लावा. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत तो सहज मिळतो. एकदम दोन-चार आणा, वेल्ह्याहून नसरापूरमार्गे पुन्हा पुणं गाठायचं म्हणजे अख्खा दिवस जातो.

१. खालचे चार स्क्रू काढा. गिअर कसे बसलेत त्याचा आधी मोबाईलवर फोटो घ्या.

२. शेवटच्या गिअरवरचा अडवणारा प्लास्टिकचा उंचवटा कापा. पॉटचा दांडा ज्या भोकात बसतो ते थोडं मोठं करा, म्हणजे गिअर मोकळा फिरेल. पॉट मात्र आतच राहू द्या, गिअरला त्याचाच आधार असतो.

३. पॉटच्या तीन वायरी सोडवा. मल्टिमीटरने पॉट मोजा, बहुतेक ५ किलोओहम भरेल. तेवढाच ट्रिमपॉट घ्या.

४. मल्टिमीटर लावून ट्रिमपॉट बरोबर मध्यावर आणा. मधली वायर मधल्या पायाला, बाकी दोन कडेला. कडेच्या उलटल्या तरी बिघडत नाही, फक्त स्क्रू उलट्या दिशेने फिरवावा लागेल.

५. ट्रिमपॉट कव्हरच्या बाहेर ग्लू गनने चिकटवा. त्याचा स्क्रू वर दिसला पाहिजे.

आता सेटिंग

कोडमध्ये ९० अंश लिहू नका. आर्डुइनोच्या सर्वो लायब्ररीत ९० म्हणजे साधारण १४७२ मायक्रोसेकंद होतात. थेट १५०० पाठवा आणि चाक पूर्ण थांबेपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवा. हे काम गाडी जिथे चालवायची तिथेच करा. दोन्ही सर्वोंना वेगळी बॅटरी द्या, पण तिची निगेटिव्ह वायर आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडा.

कोडमध्ये आकडा बदलूनही हे जमतं, ओटीजी केबलने मोबाईलवरूनही. पण परीक्षक समोर उभे असताना स्क्रू ड्रायव्हरचा अर्धा फेरा केव्हाही सोपा.

एक लक्षात ठेवा: हा बदल केल्यावर सर्वोला कोन कळत नाही. रोबोच्या हातासाठी दुसरी, न उघडलेली सर्वो ठेवा.

ती मुलं आता खिशात छोटा स्क्रू ड्रायव्हर घेऊनच फिरतात. गाडी मात्र हाताने धरावी लागत नाही!