रंधा-यंत्र कसें वापरावें?

चाकण म्हटलें कीं पूर्वीं संग्रामदुर्ग व फिरंगोजी नरसाळा यांची आठवण होई, अथवा कांद्याच्या बाजाराची. आतां त्या गांवाभोंवतीं मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे आहेत. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण असा हा पट्टा वाढत गेला. लोखंडाच्या या मुलखांत लाकडाचें काय काम, असें विद्यार्थ्यांस वाटेल. परंतु यंत्र कितीहि अवजड असो, दूरचा प्रवास तें बहुधा लाकडी खोक्यांत बसूनच करतें. परदेशीं जाणाऱ्या खोक्याचें लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटें तापवितात, कारण लाकडांतील कीड दुसऱ्या देशाच्या रानांत शिरूं नये. अशा लाकडावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. खोकीं मोडल्यावर तें लाकूड सुतारांकडे येतें आणि त्याचीं स्टुलें, बाकें, खाटा होतात. तुमच्या घरचें एखादें स्टूल उलटें करून पाहा. कदाचित् लोंबी दिसेल.

हें खरबरीत लाकूड गुळगुळीत करणारें यंत्र म्हणजे रंधा-यंत्र. आमच्या पट्ट्यांतील अनेक पालकांचा त्याशीं रोजचा संबंध येतो, आणि सुटींत चुलत्याच्या किंवा मामाच्या कारखान्यांत हातभार लावण्यास जाणारीं मुलेंहि थोडीं नाहींत. म्हणून त्याची ओळख करून घेणें अगत्याचें आहे.

या यंत्राचीं दोन रूपें आहेत. पहिल्यास कारागीर सरफेस प्लेनर म्हणतात. त्यांत दोन सपाट मेजें समोरासमोर असून मध्यें पात्यांचा गोल ठोकळा फिरतो. मागचें मेज पात्यांच्या सर्वांत उंच टोंकाशीं अगदीं समपातळींत असतें. पुढचें, म्हणजे आपण उभे असतों त्या बाजूचें, जेवढें लाकूड काढावयाचें तेवढें खालीं. फळी पुढून ढकलली कीं तिचें तळचें अंग तासलें जाऊन मागच्या मेजावर टेकतें. तें मागचें मेज केंसभर खालीं राहिलें तर फळीच्या शेवटीं खळगा पडतो. वर राहिलें तर फळी त्यास अडते. कारागिराच्या माथीं मारले जाणारे पुष्कळसे दोष वास्तविक या एका मेजाचे असतात.

दुसरें रूप थिकनेसरचें. त्यांत पातीं वर असतात आणि रूळ फळीस आंत ओढून घेतात. येथें नवशिक्यांची एक समजूत खोडून काढली पाहिजे. वांकडी फळी थिकनेसरमध्यें घातली कीं ती सरळ होते, असें त्यांस वाटतें. तसें होत नाहीं. रूळ तिला दाबून सपाट धरतात, पातीं तासतात, आणि बाहेर पडतांच ती पूर्ववत् वांकडी होते. फक्त जाडी सारखी झालेली असते. म्हणून प्रथम पहिल्या यंत्रावर खोलगट अंग खालीं ठेवून एक बाजू सपाट करावी, मग ती बाजू कुंपणास, म्हणजे उभ्या पट्टीस, टेकवून एक कड गुण्यांत आणावी, आणि त्यानंतरच थिकनेसरकडे वळावें.

आतां थोडें गणित. ठोकळ्यावर तीन पातीं आहेत आणि तो मिनिटास ४,५०० फेरे घेतो असें धरूं. म्हणजे मिनिटास १३,५०० काप झाले. फळी मिनिटास सहा मीटर सरकली, तर दर कापास अर्ध्या मिलिमीटरहूनहि कमी लाकूड येतें आणि पृष्ठभाग नितळ दिसतो. तीच फळी दुप्पट वेगानें ढकलली कीं काप सुमारें ०·९ मिलिमीटरचा होतो व बारीक लाटा डोळ्यांस दिसूं लागतात. घाई लाकडावर लिहिली जाते ती अशी. एका वेळीं मिलिमीटरभर काढणें पुरे. जास्त काढावयाचें तर दोनदां फिरवावें.

मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसें लाकूड तंतूंच्या कलानें रंधावें. सरफेस प्लेनरवर फळीच्या कडेकडून पाहिलें असतां तंतू ढकलणाराच्या बाजूस खालीं उतरत असावेत. थिकनेसरमध्यें पातीं वरून असल्यामुळें ते त्याच बाजूस वर चढत असावेत. उलट घातलें तर पातें तंतूंखालीं शिरून ढलप्या उपटतें. गांठीशीं तर फळी उसळून मागें फेंकली जाण्याचेंहि भय असतें. म्हणून तिच्या रेषेंत न उभें राहतां बाजूस उभें राहावें.

खोक्याच्या लाकडांत आणखी एक वैरी दडलेला असतो, तो म्हणजे मोडका खिळा. तारेच्या ब्रशानें घांसून आणि चुंबक फिरवून तो आधीं शोधावा. न सांपडला तर पात्यास खांडा पडतो आणि पुढें प्रत्येक फळीवर एक बारीक उंच रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर यंत्र बंद करून, मुख्य बटणापासून वीज तोडून, एखादें पातें किंचित् बाजूस सरकवितात, रेघ जाते. कारागिरांची ही युक्ति मला फार आवडली.

चाकणजवळच्या एका लहान कारखान्यांत ज्या मिस्त्रींनीं मला हें सर्व दाखविलें, त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी दोन पेरांवर संपते. मी विचारण्यापूर्वींच ते म्हणाले, "गांठ नव्हती, खिळा नव्हता. दिवसाचा शेवटचा तुकडा होता. वीतभर लांब. त्याच्यासाठीं झांकण वर उचललं." वीतभर तुकडा रंध्यावर कधींच घालूं नये. निदान ३० सेंटिमीटर लांबी हवी. लहान तुकडे लांब फळींतच रंधून मग कापावेत. पात्यांवरून हात नेण्याऐवजीं ढकलठोकळा वापरावा आणि झांकण लाकडाच्या जाडीपुरतेंच उघडें ठेवावें.

एके काळीं हा ठोकळा चौकोनी असे. त्याच्या सपाट बाजू व मेज यांमध्यें रुंद फट राही, आणि बोट सांपडलें तर पंजा खोल ओढला जाई. गोल ठोकळ्यानें ती फट मिटविली. १९२२ सालीं इंग्लंडांत हातानें ढकलण्याच्या यंत्रांस गोल ठोकळा सक्तीचा झाला. १९६३ च्या महाराष्ट्र कारखाना नियमांतहि तोच दंडक आला, शिवाय पात्यांची सबंध फट झांकील असें झांकण असावें असेंहि त्यांत घातलें. १९४८ च्या कारखाना-कायद्यानें धोक्याचीं म्हणून ठरविलेल्या यंत्रांवर अल्पवयी कामगारास धोके समजावून दिल्याखेरीज व पुरेसें शिक्षण किंवा जाणत्याची देखरेख असल्याखेरीज लावण्यास मनाई केली. पालकांनीं हें वाक्य पुन्हां एकदां वाचावें, अशी विनंती आहे.

हातमोजे येथें रक्षण करीत नाहींत, उलट बोटांसकट ओढले जातात. सैल बाही, ओढणी, कडीं, बांगड्या यांचेंहि तसेंच. डोळ्यांस चष्मा, कानांस बोळे व नाकास पट्टी मात्र हवी. १९९५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें लाकडाच्या धुळीस कर्करोगकारक पदार्थांत घातलें. बोथट पात्याची ओळख म्हणजे आवाज जड होतो, लाकूड करपल्याचा वास येतो आणि ढकलण्यास जोर लागूं लागतो. तो जोर लावूं नये, पातें काढून धार लावावी. हात घसरतो तो बहुतेक अशा जोरांतच.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत क्वचित् ठळक दिसते. बटण बंद केल्यावर यंत्राचा आवाज उतरतो, परंतु ठोकळा कांहीं वेळ फिरतच असतो, आणि फिरतांना तो इतका एकसारखा दिसतो कीं थांबला असें वाटावें. मिस्त्री बटण दाबून दोन्ही हात पाठीशीं बांधून उभे राहिले. पातीं एकेक करून वेगळालीं दिसूं लागलीं, ठोकळा थांबला. तेव्हां त्यांनीं ब्रशानें ढलप्या लोटल्या, फळी उचलली, आणि गुण्या लावून ती उजेडाकडे धरली. मधून उजेड आला नाहीं.