घरावरचा कॅमेरा आणि रस्त्यावरचा अपघात

मालेगावात आता यंत्रमागाच्या कारखान्यावर, सुताच्या गोदामावर आणि राहत्या घरांच्या दारांवरही कॅमेरे दिसतात. आम्ही व्यापाऱ्यांनी ते चोरांच्या भीतीने लावले. चोर त्यात क्वचितच सापडतो. कापडाच्या गाठी लादून अरुंद गल्लीतून सुसाट जाणारा टेम्पो मात्र रोज दिसतो. अशा टेम्पोखाली कोणी आला, की त्याच्या घरच्यांचे पुढचे सारे आयुष्य या चित्रणावर अवलंबून राहू शकते, हे आमच्या व्यापारी बांधवांच्या अजून नीटसे ध्यानात आलेले नाही.

आमच्याच भागातला प्रकार आहे. रातपाळी संपवून फज्रच्या सुमारास सायकलवर घरी निघालेल्या एका कारागिराला टेम्पोने उडवले आणि टेम्पो निघून गेला. कारागीर जागीच मरण पावला. त्या गल्लीत चार घरांवर कॅमेरे होते. एकाने सांगितले, बंद आहे. दुसरा म्हणाला, "पोलीस-कोर्टाच्या भानगडीत कोण पडणार भाई?" तिसऱ्याने द्यायचे कबूल केले. पण घर दुःखात होते, नातेवाईक त्याच्याकडे पोहोचले तेव्हा बारा दिवस उलटले होते आणि यंत्राने जुने चित्रण पुसून त्यावर नवे भरले होते. चौथा किराणावाला. त्याच्या चित्रणात समोरच्या दिव्यांच्या झोतामुळे नंबर नुसता पांढरा दिसत होता, पण वळणावर टेम्पोची मागची पाटी स्पष्ट आली होती. गाडी सापडली ती त्यावरून.

नंबर सापडणे व न सापडणे यात किती फरक पडतो, याचा हिशेब व्यापाऱ्याच्या भाषेत मांडतो. गाडी अज्ञात राहिली तर 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेनुसार मृताच्या वारसांना 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार रुपये मिळतात. गाडी कळली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावता येतो. समजा, तीस वर्षांचा कारागीर महिना 15,000 कमावत होता आणि त्याच्यावर चार-पाच माणसे अवलंबून होती. सर्वोच्च न्यायालयाने 2009 व 2017 च्या निकालांत घालून दिलेल्या रीतीने भावी वाढीचे 40 टक्के मिळवून, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून 17 ने गुणले, तर 32 लाख 13 हजार होतात. शिवाय त्या माणसाचीच चूक होती, असे म्हणून रक्कम कमी करू पाहणाऱ्या विमा कंपनीलाही चित्रण उत्तर देते. 2019 च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्या आत दावा लावलेलाच बरा.

म्हणून अपघात कळताच, त्याच दिवशी, आधीची व नंतरची दहा-पंधरा मिनिटे धरून चित्रण पेनड्राइव्हवर उतरवावे. पडद्यासमोर मोबाइल धरून काढलेली फिल्म किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेली नक्कल चालेल, असे पुष्कळांना वाटते. पण तीत नेमके नंबराचे आकडेच विरघळतात. यंत्राचे घड्याळ मागे-पुढे असेल तर ते लगेच दुरुस्त करू नये. आधी किती मिनिटांचा फरक आहे ते लिहून ठेवावे. पोलीस यंत्रच न्यायचे म्हणाले तर देण्यास हरकत नाही, पण पंचनाम्याची प्रत व पावती मागून घ्यावी आणि एक नक्कल आपल्याकडे ठेवावी.

कोर्टात नुसता पेनड्राइव्ह पुरत नाही. जालन्याच्या 2014 च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो खटला चालला, त्यात उमेदवारी अर्ज किती वाजता दाखल झाला हा वाद कॅमेऱ्याच्या चित्रणावरच होता. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की नक्कल दाखल करायची तर कायद्यातले प्रमाणपत्र हवेच. मालकाने मूळ यंत्रच कोर्टात आणून साक्ष दिली तर त्याची गरज नाही. कोणी प्रमाणपत्र देत नसेल तर कोर्टाकडून तसा हुकूम मागता येतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 63 लागू आहे. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एकावर यंत्र सांभाळणाऱ्याची सही आणि दुसऱ्यावर तज्ज्ञाची. ते वकील तयार करून देतो, आपण फक्त नाही म्हणायचे नाही. शहादत लपवण्याबद्दल सूरह बकरामध्ये काय ताकीद आहे, ते आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

एक तक्रार मात्र रास्त आहे. काहींचे कॅमेरे रस्त्याऐवजी समोरच्या घराच्या दारात डोकावतात. तिथे पडद्याचा प्रश्न येतो, शेजाऱ्यांत बोलाचाली होते. कॅमेरा थोडा खाली, रस्त्याकडे वळवला की गाडीची पाटीही जास्त चांगली दिसते.

आमच्या गल्लीतील चार घरांनी आता जुम्याच्या सुट्टीत एकमेकांची यंत्रे व घड्याळे तपासायचे ठरवले आहे. ज्याचा कॅमेरा त्या दिवशी बंद होता, त्यानेही तो दुरुस्त करून घेतला आहे.