जड साबण, हलके डबे, एकच खेप

डिटर्जंटचे खोके चढवले की ट्रकची वजनाची मर्यादा लवकर गाठली जाते आणि छताखाली बरीच जागा उरते. प्लॅस्टिकच्या डब्यांचे नेमके उलट. ट्रक काठोकाठ भरतो, काट्यावर वजन मात्र नाममात्र. प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि टपरवेअर यांचा बेल्जियमहून ग्रीसला जाणारा माल एकत्र पाठवला गेला, तो यामुळेच.

युरोपीय संघात मालट्रक जेवढे किलोमीटर धावतात, त्यांतले सुमारे २० टक्के पूर्ण रिकामे असतात. अर्धवट भरलेले ट्रक यात धरलेलेच नाहीत. ही जागा भरली की खर्च आणि धूर दोन्ही एकदम घटतात. इथपर्यंत कंपनीचा हिशेबनीस आणि पर्यावरणाचा कैवारी एकाच बाजूला असतात.

फाटा फुटतो तो पुढे. शेन्ले पान, एरिक बालो आणि फ्रेडरिक फोंतान या संशोधकांनी फ्रान्समधील दोन मोठ्या विक्री साखळ्यांच्या मालवाहतुकीचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. वाहतूक एकत्र करून ती रस्त्यानेच ठेवली, तर कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन १४ टक्क्यांनी घटते. रेल्वेची जोड दिली, तर ५२ टक्क्यांनी! फ्रान्सची बहुतेक वीज अणुऊर्जेतून येते, त्यामुळे तिथल्या विजेवरच्या मालगाडीचे पारडे फारच जड ठरते. पण मालगाडीला एका वेळी भरपूर माल लागतो. तो साचेपर्यंत थांबायचे, गोदामाचे भाडे भरायचे, भांडवल अडकवून ठेवायचे. ट्रक आज संध्याकाळीच निघू शकतो. व्यवस्थापकाला वर्षअखेरीस फक्त खर्चातली बचत दाखवायची असेल, तर तो १४ टक्क्यांवर समाधान मानेल. म्हणूनच किती दिवसांचा उशीर चालेल, हे करारातच लिहून घेतले पाहिजे. मोठी कपात त्या एका कलमावर अवलंबून असते.

वाटणीचा प्रश्न याहून नाजूक. समजा, एका कंपनीचा वाहतूकखर्च ६० हजार युरो, दुसरीचा ४० हजार, आणि एकत्र पाठवल्यास ८० हजार. वाचलेले २० हजार खर्चाच्या प्रमाणात वाटले, तर पहिलीला १२ हजार आणि दुसरीला ८ हजार मिळतात. अमेरिकी गणितज्ञ लॉइड शॅपली यांनी १९५३ मध्ये मांडलेले सूत्र वेगळे सांगते. दोघींपैकी एक जरी नसती तरी बचत शून्य, म्हणून दोघींना दहा-दहा हजार. भागीदार तीन असतील, तर ते ज्या सहा क्रमांनी एकत्र येऊ शकतात ते सगळे तपासायचे, प्रत्येक क्रमात कोणामुळे बचतीत किती भर पडली ते पाहायचे आणि त्याची सरासरी काढायची. शॅपलींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

उत्सर्जनाची वाटणी मात्र बहुधा वजन गुणिले अंतर अशी होते. आयएसओ १४०८३ हे २०२३ चे मानकही मुख्यतः त्यावरच उभे आहे. मग जागा व्यापणाऱ्या डब्यांच्या वाट्याला धूर नगण्य येतो आणि साबणवाल्याच्या खाती जवळपास सगळा. पैशाला एक न्याय आणि धुराला दुसरा, हे पटण्यासारखे नाही. दोन्ही खाती एकाच तत्त्वाने वाटावीत.

त्यासाठी दोघांचे आकडे पाहणारा तिसरा, तटस्थ माणूस लागतो. स्पर्धा कायद्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना एकमेकांचे दर आणि ग्राहक उघड करता येत नाहीत. युरोपीय आयोगाच्या पाठबळाने २०११ ते २०१४ या काळात चाललेल्या ‘सीओ३’ प्रकल्पात ही जबाबदारी बेल्जियमच्या ट्रायव्हायझरसारख्या संस्थांनी घेतली. नेस्ले आणि पेप्सिको यांचा थंड ठेवावा लागणारा माल याच प्रकल्पात एकत्र पाठवला गेला आणि त्यातल्या बचतीच्या वाटणीसाठी शॅपलींचेच सूत्र वापरले गेले.