प्रबोधनाचा उजेड आमच्या दारी कधी आला?

न्हावऱ्यासारख्या गावातही आमच्या मुलामुलींना शाळेत युरोपातील 'प्रबोधन' शिकवले जाते. मध्ययुग सरले, माणसाचे लक्ष परलोकावरून माणसाकडे वळले, कला, साहित्य, विद्या पालटली, असे लिहिले की गुण मिळतात. पण त्याचा आपल्याशी काय संबंध, असे मुलाने घरी विचारले तर दिवसभर राबून आलेल्या आईबापाने काय सांगावे? त्यांच्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

चौदाव्या शतकात इटलीत पेत्रार्कने विस्मृतीत गेलेले लॅटिन ग्रंथ शोधून काढले. 1455च्या सुमारास जर्मनीत गुटेनबर्गने बायबल छापले. चित्रांत पूर्वी मान संतांचा आणि देवदूतांचा. पुढे तिथे साधी माणसे आली. 1567च्या सुमारास ब्रुगेलने शेतकऱ्यांच्या लग्नाची पंगत रंगवली. वाढपी दाराच्या फळीवर ताटल्या मांडून आणत आहेत आणि डोळ्यांवर टोपी आलेले एक पोर खाली बसून ताटली चाटते आहे. आपल्याकडच्या लग्नातही हे पोर दिसतेच!

मात्र त्या पंगतीतल्या शेतकऱ्याच्या हाती लेखणी नव्हती. नवी विद्या मुख्यतः पैसेवाल्यांच्या मुलांना मिळाली, हे विसरून युरोपचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

इकडे पेत्रार्कच्याच शतकात आपल्या चोखामेळ्याने माणसाचे दुःख अभंगात मांडले. पण मंदिराचे दार त्याला बंद राहिले. मंगळवेढ्यात गावकुसाच्या कामावर राबताना ते कुसू कोसळून 1338 मध्ये तो गेला, असे सांगतात. वाणी होती, शाळा नव्हती. गोव्यात छापखाना आला 1556 मध्ये, तरी आमच्या वस्तीचे शब्द शाईत उतरायला आणखी तीनशे वर्षे गेली. अडचण यंत्राची नव्हतीच.

मग पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती थॉमस पेनचे माणसाच्या हक्कांवरील पुस्तक पडले. ते निघाले होते 1791 मध्ये. ते वाचून जोतीराव नुसते विद्वान झाले नाहीत. त्यांनी सावित्रीबाईंसह 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. 1855 मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात जोशीबुवाने नागवलेले शेतकरी जोडपे आहे आणि शेवटी ते दोघे शिकायला निघतात. शेतकरी इथे नाटकाचा नायक झाला! दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले आणि जोतीरावांच्या हयातीत ते छापले गेले नाही.

त्याच वर्षी त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात आला. वेद आम्हाला वाचायचे नसतील तर आमचा धर्म कोणता, असे ती थेट विचारते. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या महार-मांगाचे डोके कसे उडवत, ते सांगते. आणि मग ती बाळंतिणीकडे वळते: घरावर छप्पर नाही, वारा-पाऊस अंगावर, अशा हालात आमच्या बाया बाळंत होतात. पुण्याच्या पंडितांना हा विषय कधी सुचला होता? आमच्या मते प्रबोधन महाराष्ट्रात खरे उतरले ते या ओळींत. या दुखण्यावर औषध ज्ञानाचेच, असेही ती आपल्या माणसांना बजावते.

निबंध मोठा नाही, पंधरा मिनिटांत होतो. घरातल्या शाळकरी मुलीने तो मोठ्याने वाचावा. आजीला जवळ बसवावे; छप्पर गळत असताना बाळंत झालेल्या बाया तिने पाहिल्या असतील.