डीव्हीडीतील छोट्या फायली : कचरा नव्हे, चोपडी

आपल्या घरोघरी निकाहाच्या, हजयात्रेच्या निरोपाच्या, दुकानाच्या उद्घाटनाच्या डीव्हीडी कपाटात पडून आहेत. नव्या संगणकांत डीव्हीडी घालण्याची सोयही सहसा नसते. त्यामुळे आतला मजकूर वेळीच उतरवून घेतला पाहिजे. तो कसा उतरवू नये, हे मी चुकून शिकलो.

माझ्या मुलीच्या निकाहाची डीव्हीडी २००६ सालची. तीत माझे मरहूम वालिद दुआ करताना दिसतात. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. मी डीव्हीडी संगणकात घातली तेव्हा दोन फोल्डर दिसले. ‘ऑडिओ टीएस’ रिकामे निघाले आणि काळजात धस्स झाले, आवाज गेला की काय! तो गेला नव्हता. व्हिडिओ डीव्हीडीत हे फोल्डर बहुधा रिकामेच असते. चित्र आणि आवाज दोन्ही ‘व्हिडिओ टीएस’मध्ये असतात.

त्यात तीन प्रकारच्या फायली होत्या. मोठ्या ‘व्हीओबी’ ठेवल्या, काही केबींच्या ‘आयएफओ’ आणि ‘बीयूपी’ कचरा समजून पुसल्या. परिणाम असा की समारंभाचे पाच तुकडे झाले, मेनू गेला आणि एक तुकडा नेमका दुआच्या मध्येच तुटला.

शेजारच्या संगणक दुकानातला मुलगा म्हणाला, “चाचा, माल ठेवलात आणि चोपडी फाडलीत.” आम्हा कापडवाल्यांना समजेल असाच हिशेब आहे. व्हीओबी म्हणजे कापडाचा तागा. चित्र, आवाज आणि सबटायटल त्यात एकत्र विणलेले असतात. एक तागा सुमारे एक जीबीचा झाला की पुढचा सुरू होतो, मग प्रसंग कोणताही असो. म्हणून दुआ मध्येच तुटली. ज्या व्हीओबीच्या नावाशेवटी शून्य असते, तीत मेनू असतो. खरा कार्यक्रम एक क्रमांकापासून सुरू होतो.

आयएफओ म्हणजे चोपडी. कोणता तागा कोणत्या क्रमाने, कोणता प्रसंग कुठून, भाषा कोणती, हे तीत लिहिलेले असते. प्लेअर प्रथम तीच वाचतो. बीयूपी ही त्याच चोपडीची कार्बन कॉपी. ती डिस्कवर मुद्दाम मूळ फाईलपासून दूर लिहितात, म्हणजे एका चरख्याने दोन्ही जाऊ नयेत.

या दूरदृष्टीचा प्रत्यय लगेच आला. अल्लाहचे शुक्र की मूळ डिस्क फेकली नव्हती. दुसऱ्यांदा उतरवताना चरख्यामुळे एक आयएफओ वाचली जाईना, पण तिची बीयूपी उतरली. मुलाने तिची प्रत काढून प्रतीच्या नावातील ‘बीयूपी’च्या जागी ‘आयएफओ’ लिहिले. मेनू उघडला आणि वालिदसाहेबांची दुआ सलग ऐकू आली. घरात कोणी बोलले नाही.

व्यापारीबंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे :

१) प्रथम पूर्ण डिस्कची ‘आयएसओ’ फाईल करावी. तीत सर्व फायली जशाच्या तशा राहतात. एक थर असलेली डिस्क ४.७ जीबीची असते, म्हणजे जागा फार लागत नाही.

२) फायलींची नावे बदलू नयेत, एकही पुसू नये.

३) चोपडी गेलीच असेल तर निराश होऊ नये. व्हीएलसीसारख्या मोफत प्लेअरवर व्हीओबी क्रमाने लावता येतात.

४) दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. डिस्क उन्हात, उष्णतेत ठेवू नये.

ज्या तरुणांकडे संगणक आहे त्यांना यात हलाल रोजी आहे. मात्र बाजारातील चित्रपटांच्या प्रती काढून विकणे हा कायद्याने गुन्हा आहे. लोकांच्या घरच्या डिस्क उतरवून द्याव्यात. ग्राहकाची डिस्क ही अमानत आहे. ती परत देण्यापूर्वी उतरवलेली प्रत शेवटपर्यंत चालवून पाहावी. कारण त्या तुकड्यात कुणाचे वालिद दुआ करीत असतील, हे आपल्याला ठाऊक नसते.